उतारवयाची पुंजी कशी जमते

निवृत्तीसाठी पैसे साठवण्याचा निर्णय इतर बचतींपेक्षा अवघड असतो. मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती, नवी दुचाकी यांसाठी साठवलेला पैसा केव्हा आणि कशावर खर्च होणार, हे साठवणाऱ्याला माहीत असते. निवृत्तीची बचत मात्र वीस-तीस वर्षांनंतरच्या काळासाठी असते. तेव्हा प्रकृती कशी असेल, औषधपाण्याला किती लागेल, मुले जवळ राहतील की परगावी जातील, यांपैकी काहीच आज सांगता येत नाही. भारतात साठी गाठलेली व्यक्ती सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे जगते. पण ही सरासरी आहे, आणि नव्वदी पाहणारी माणसे आता जवळपास प्रत्येक कुटुंबात आढळतात. किती वर्षे पुरवायचे हेच ठाऊक नसताना किती साठवायचे, हा प्रश्न मुळातच कठीण आहे.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे एक नेटके उत्तर १९५० च्या दशकात दिले. फ्रँको मोदिग्लियानी आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी मांडले की, माणूस आपल्या सबंध आयुष्याच्या कमाईचा अंदाज घेतो आणि खर्च आयुष्यभर साधारण सारखा राहील अशा बेताने वागतो. कमावत्या वयात तो साठवतो आणि म्हातारपणी साठवलेले खातो. मोदिग्लियानी यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले, त्यात या सिद्धांताचा मोठा वाटा होता. सिद्धांतातला माणूस दूरदर्शी आहे, गणितात पक्का आहे आणि त्याची मिळकत बऱ्यापैकी नियमित आहे. प्रत्यक्षातली बहुतेक माणसे यांपैकी एका तरी बाबतीत वेगळी असतात. ती नेमकी कुठे वेगळी असतात, हे पाहिले की एकाच्या गाठीला उतारवयात चार पैसे का असतात आणि दुसऱ्याच्या का नसतात, याचा उलगडा होऊ लागतो. काटकसरीचा गुण असणे किंवा नसणे, हे त्याचे फार छोटे कारण आहे.

पहिली अडचण काळाच्या अंतराची. आज हातात असलेले शंभर रुपये आणि तीस वर्षांनी मिळणारे हजार रुपये यांची तुलना मन सरळ हिशेबाने करत नाही. आजचे सुख जवळचे म्हणून मोठे दिसते. ‘पुढच्या महिन्यापासून सुरू करू’ हे वाक्य म्हणणारा खोटे बोलत नसतो, पण पुढचा महिना आला की तोही ‘आज’ होतो आणि निर्णय पुन्हा एक महिना पुढे जातो. उतारवयातला स्वतःचा चेहरा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो, हेही एक कारण. अमेरिकेतील हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणांना संगणकाने वृद्ध केलेला त्यांचाच चेहरा दाखवला. त्यानंतर त्यांना काही रक्कम निरनिराळ्या कारणांसाठी वाटून द्यायला सांगितली. आजचा चेहरा पाहिलेल्यांच्या तुलनेत वृद्ध चेहरा पाहिलेल्यांनी निवृत्तीच्या खात्यात दुपटीहून अधिक रक्कम टाकली.

दुसरी अडचण चक्रवाढीची. व्याजावर व्याज चढत जाते हे शाळेत शिकवले जाते, पण त्याचा वेग मनाला जाणवत नाही. बहुतेक लोक वाढ सरळ रेषेत होईल असे धरून चालतात. पंचविसाव्या वर्षापासून दरमहा २,००० रुपये बाजूला टाकणारा आणि पस्तिसाव्या वर्षापासून तेवढेच टाकणारा यांचे उदाहरण घेता येईल. वार्षिक ८ टक्के दराने, महिन्याला व्याज धरले, तर साठाव्या वर्षी पहिल्याकडे सुमारे ४६ लाख रुपये होतात आणि दुसऱ्याकडे १९ लाख. पहिल्याने खिशातून भरले ८ लाख ४० हजार आणि दुसऱ्याने ६ लाख. सुमारे अडीच लाखांच्या फरकातून २७ लाखांचा फरक उभा राहिला, आणि तो केवळ दहा वर्षे आधी सुरुवात केल्यामुळे.

महागाईचा हिशेब याच चक्रवाढीचा, फक्त उलट्या बाजूने. आज महिन्याला २०,००० रुपयांत चालणारे घर ६ टक्के महागाईने तीस वर्षांनी चालवायला सुमारे १,१५,००० रुपये लागतील. हा आकडा ऐकणाऱ्याला अवास्तव वाटतो आणि म्हणूनच तो विचारात घेतला जात नाही. अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी व्याज, महागाई आणि जोखमीची विभागणी या तीन विषयांवर एकेक साधा प्रश्न तयार केला. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांना तिन्हींची उत्तरे बरोबर देता आली. ज्यांना ती आली, त्यांनी निवृत्तीचे काही नियोजन केलेले असण्याची शक्यता जास्त होती.

मात्र अज्ञानाचा मुद्दा फार ताणणे अन्यायाचे ठरेल. भारतातील कामगारांपैकी दहातले सुमारे नऊ जण असंघटित कामात आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न गणिताचा नसून मिळकतीच्या स्वरूपाचा आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला आज काम मिळेल की नाही, हे सकाळी दहापर्यंत कळत नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराची स्थिती याहून अवघड. तो हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो, ती आधीच्या देण्याघेण्यात, दवाखान्यात किंवा लग्नात खर्च होते, आणि मग सहा महिने नवरा-बायको दोघांचा कोयता ती उचल फेडण्यासाठी चालतो. मजुरी कामाच्या आधीच खर्चून झालेली असेल, तर त्यातून बाजूला काढायला काही उरतच नाही.

तंगीचा परिणाम विचारशक्तीवरही होतो. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी त्यांनी दोनदा घेतली: एकदा तोडणीपूर्वी, हात तंग असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. माणसे तीच होती, पण तोडणीपूर्वीचे गुण स्पष्टपणे कमी होते. उद्याचा हप्ता, दुकानदाराची उधारी, मुलाची फी यांत गुंतलेल्या डोक्यात तीस वर्षांनंतरच्या विचाराला जागा उरत नाही. गरीब माणूस अदूरदर्शी असल्यामुळे साठवत नाही, हा समज या अभ्यासाने बराच खिळखिळा केला.

तरीही अशाच मिळकतीच्या माणसांपैकी काहींकडे उतारवयाची तरतूद आढळते, आणि ती का आढळते याचे एक ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या मशीद बंदर भागातील गोदामांत पाठीवर आणि डोक्यावर ओझी वाहणारे माथाडी कामगार बहुतांशी सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेले. त्यांना एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या व्यापाऱ्याचा. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्र विधिमंडळाने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कायद्याने निरनिराळ्या व्यवसायांसाठी मंडळे स्थापन झाली. त्यांत कामगार, मालक आणि शासन यांचे प्रतिनिधी असतात. कामगारांच्या टोळ्यांची आणि व्यापाऱ्यांची नोंदणी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी थेट कामगाराच्या हाती न देता मंडळाकडे भरतो, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी आणि दवाखान्याची सोय होते.

या व्यवस्थेची खुबी बारकाईने पाहण्याजोगी आहे. हमाली तीच राहिली, कामाची अनियमितताही बऱ्याच प्रमाणात राहिली, शिक्षणात रातोरात फरक पडला नाही. बदलले एवढेच की, म्हातारपणाचा हिस्सा मजुरी हातात पडण्याआधी वेगळा होऊ लागला, आणि अनेक मालकांनी मिळून एका मालकाची जबाबदारी उचलली. नोंदणी चुकवणारे व्यापारी, मंडळाबाहेर काम करणारे मजूर, थकलेली लेव्ही या तक्रारी तिथेही आहेत. तरी ज्या कामगाराला कोणीही ‘बचत कर’ असा उपदेश केला नसता, त्याच्या खात्यावर निवृत्तीची रक्कम जमा झाली. संघटित क्षेत्रातील कारकुनाच्या बाबतीतही हेच घडते. फक्त तिथे ते इतके सवयीचे झाले आहे की त्याला स्वतःच्या शहाणपणाचे श्रेय मिळते.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, कायदा १९५२ चा. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. कर्मचाऱ्याच्या मूळ पगार व महागाई भत्त्याचे १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो, आणि मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत जातात. पगारदाराला पीएफ भरायचा की नाही असे कोणी दरमहा विचारत नाही. असे विचारले गेले असते तर काय झाले असते, याचा अंदाज अमेरिकेतील एका अभ्यासावरून येतो. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांनी २००१ मध्ये एका कंपनीची आकडेवारी प्रसिद्ध केली. तिथे निवृत्ती योजनेत सामील होण्यासाठी अर्ज भरावा लागत असे, तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी ४९ टक्के सामील होत. नियम उलटा केला, म्हणजे सगळे आपोआप सामील आणि नको असेल त्याने अर्ज करून बाहेर पडावे, तेव्हा हे प्रमाण ८६ टक्के झाले. पगार, व्याज, कर यांत काहीच बदलले नव्हते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ पासून हीच पद्धत कायद्याने टप्प्याटप्प्याने लागू केली, आणि एक कोटीहून अधिक कामगार त्यातून निवृत्ती बचतीत आले. बाहेर पडणारे साधारण दहातले एक.

या पद्धतीला एक काळी बाजू आहे, आणि ती मॅड्रियन व शी यांनाच दिसली होती. आपोआप सामील झालेले बहुतेक जण कंपनीने ठरवलेल्या ३ टक्क्यांच्या वर्गणीवरच थांबले. माणूस अर्ज न भरण्याच्या आळसाने बाहेर राहतो, तसाच त्याच आळसाने तुटपुंज्या वर्गणीवर बसून राहतो. यावर रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी उपाय शोधला: आज काहीच वाढवायचे नाही, पण पुढची पगारवाढ झाली की तिच्यातला एक हिस्सा बचतीत वळवायचा, असे आजच कबूल करायचे. हातात येणारा पगार कधीच कमी होत नाही, त्यामुळे काही गमावल्यासारखे वाटत नाही. पहिल्या कंपनीत ही योजना स्वीकारणाऱ्यांचा बचतीचा दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले.

पगार नसलेल्यांनी आपल्यापुरत्या अशा बेड्या स्वतः शोधून काढल्या आहेत. भाजीवाल्याच्या गाड्यावर रोज येणारा पतसंस्थेचा पिग्मी एजंट, महिन्याची भिशी, बचत गटाची मासिक बैठक, घरी येऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा हप्ता नेणारी महिला प्रधान योजनेची एजंट, या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. पैसा बाजूला काढायची आठवण दुसरे कोणीतरी करून देते, आणि टाळले तर चारचौघांत कसेसे होते. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातील रोजंदारी मजुरांबरोबर केलेल्या प्रयोगात आठवड्याच्या बचतीची रक्कम पाकिटात घालून ठेवली. एका मोठ्या पाकिटाऐवजी तीच रक्कम दोन पाकिटांत विभागली, आणि पाकिटावर मजुराच्या मुलांचे छायाचित्र चिकटवले, तर बचत टिकण्याचे प्रमाण वाढले. पाकीट फोडणे अशक्य नव्हते, फक्त फोडताना क्षणभर थांबावे लागत होते. भिशी आणि पिग्मीची मर्यादा ही की त्यांची मुदत सहा महिने, वर्ष, फार तर काही वर्षे असते. रक्कम मिळते ती शाळेची फी, गॅस, दिवाळी, फ्रीज यांत जाते. साठवण्याची शिस्त आहे. तीस वर्षे न मोडण्याची सोय तिच्यात नाही.

पैसा किती घट्ट अडकवायचा, हा म्हणूनच निवृत्ती बचतीतला सर्वांत वादाचा प्रश्न ठरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की, नोकरी सुटली तरी मालकाच्या वाट्याची पीएफ रक्कम कर्मचाऱ्याला ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. हेतू म्हातारपणाच्या रक्षणाचा होता. एप्रिलमध्ये बेंगळुरूतील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरले; दोन दिवस शहरातील मुख्य रस्ते अडले. १९ एप्रिलला सरकारने निर्णय मागे घेतला. तिशी-पस्तिशीत शिवणकामाची नोकरी सुटण्याची, गावी परतण्याची किंवा आजारपण येण्याची पुरेपूर शक्यता असलेल्या बाईसाठी पीएफ ही एकाच वेळी बेकारी भत्ता, आजारपणाचा विमा आणि मुलीच्या लग्नाची ठेव होती. या तिन्ही गरजांसाठी दुसरे काहीच नसेल, तर निवृत्तीचे खाते तेवढे राखून ठेवा असे सांगणे तिला पटणार नाही, आणि तिचे चुकतही नाही.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात पीएफच्या काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर लावण्याचा प्रस्ताव आला होता; तोही पगारदारांच्या संतापापुढे ८ मार्चला मागे घ्यावा लागला. नोकरी बदलली की जुने खाते बंद करून रक्कम काढण्याची सवय २०१४ मध्ये आलेल्या कायमस्वरूपी खाते क्रमांकाने, म्हणजे यूएएनने, काहीशी कमी झाली असली तरी मोडलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने मधला मार्ग काढला: बहुतेक रक्कम गरजेला काढता यावी, पण वर्गणीच्या किमान २५ टक्के रक्कम खात्यात शिल्लक राहावी.

घरात कोण आहे, यावरही निर्णय ठरतो. मुलगा ही म्हातारपणची काठी, ही समजूत केवळ भावनेची नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती एक चालणारी निवृत्ती योजना होती. आईवडील मुलांच्या शिक्षणावर खर्च करत, मुले पुढे त्यांना सांभाळत. महाराष्ट्रात आज एका स्त्रीला सरासरी दोनहून कमी मुले होतात, शिकलेली मुले पुणे, बेंगळुरू, दुबई, न्यू जर्सी अशी पांगतात, आणि मुलगी सासरच्या व माहेरच्या दोन्ही घरांचे पाहते. शिक्षणाचा खर्च मात्र कितीतरी वाढला आहे. पन्नाशीतल्या कुटुंबात अभियांत्रिकीची फी आणि निवृत्तीची बचत एकाच वेळी समोर येतात, तेव्हा फी जिंकते, कारण तिची तारीख ठरलेली असते. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ मध्ये करावा लागला, यावरून जुन्या व्यवस्थेवरचा भरवसा किती ढासळला हे दिसते.

सोने आणि जमीन यांचे वजन इतके का, हेही याच ओघात समजते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, तरुण रामदोराई यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ च्या अहवालात दाखवले की, सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी ७७ टक्के जमीन व घरांत, ११ टक्के सोन्यात आणि केवळ ५ टक्के ठेवी, विमा, निवृत्ती निधी, समभाग अशा आर्थिक स्वरूपात असते. कोकणातला चाकरमानी मुंबईत आयुष्य काढून पीएफच्या पैशातून गावी घर बांधतो, ते राहण्यासाठी, मानासाठी आणि सुरक्षेसाठीही. घर भाड्याने गेले नाही आणि जमीन विकायची नसली, तर मात्र त्यातून महिन्याचा किराणा येत नाही. सोने गहाण ठेवता येते, जमिनीचे भाव वाढतात, दोन्ही डोळ्यांना दिसतात. कागदावरच्या पेन्शन योजनेत यांपैकी काही नाही.

कागदावर विश्वास बसायला संस्थेवर विश्वास लागतो, आणि तो एका धक्क्याने जातो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवींच्या व्याजावर घर चालवणारे अनेक निवृत्त लोक त्यांत होते. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, पण अशा घटनेची आठवण एका बँकेपुरती राहत नाही. शेजारीपाजारीही ठेव मोडून सोने घेतात. आयुर्विम्याची पॉलिसी घेण्यामागे परताव्याचा हिशेब क्वचित असतो, त्यापेक्षा एजंट नात्यातला किंवा चाळीतला असण्याचे वजन जास्त. एस्थर डुफ्लो आणि इमॅन्युएल साएझ यांनी एका अमेरिकी विद्यापीठात दाखवले की, निवृत्ती योजनेच्या माहिती मेळाव्याचे निमंत्रण ज्यांना आले नव्हते, पण ज्यांच्या विभागातील सहकाऱ्यांना आले होते, असे कर्मचारीही जास्त संख्येने योजनेत सामील झाले. माणसे शेजारच्या टेबलाकडे बघून ठरवतात.

सरकार देत असलेली सवलत आणि सरकारने दिलेला शब्द हे आणखी दोन घटक. कराची सवलत मध्यमवर्गाला फार मोठी प्रेरणा वाटते. जानेवारी ते मार्च या काळात आयकराच्या ८०सी कलमाची दीड लाखाची मर्यादा भरण्यासाठी पीपीएफ आणि विम्याच्या हप्त्यांची धावपळ होते. ती बचत किती नवी असते आणि किती नुसती एका खात्यातून दुसऱ्यात सरकलेली असते, यावर राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील नोंदींवरून २०१४ मध्ये उत्तर दिले. सवलतीला प्रतिसाद देणारे फक्त सुमारे १५ टक्के लोक होते, आणि तेही बहुधा आधीची बचत तिकडे वळवत. उरलेले ८५ टक्के लोक मालकाने आपोआप भरलेल्या वर्गणीमुळेच जास्त साठवत. भारतात २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय ठरली आणि तिच्यात ८०सीची वजावट नाही, त्यामुळे मार्चची ती सवय पुढे किती टिकते हे दिसेलच.

सरकारी शब्दाचे महत्त्व जुन्या पेन्शनच्या वादात दिसते. केंद्राच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून आलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळणे बंद झाले. त्याऐवजी वर्गणी भरून बाजारात गुंतवणारी राष्ट्रीय पेन्शन प्रणाली आली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातील कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. जमणारी रक्कम कदाचित मोठी असेल, पण शेवटी महिन्याला किती मिळणार हे कोणी सांगत नव्हते, आणि ही अनिश्चितता त्यांना मान्य नव्हती. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये २५ वर्षांच्या सेवेला निम्म्या मूळ वेतनाची हमी देणारी एकीकृत योजना जाहीर केली, ती मुख्यतः याच मागणीमुळे.

असंघटित कामगारांसाठी असलेली अटल पेन्शन योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या आखणीत वरचे बरेच धडे आहेत: वर्गणी बँक खात्यातून आपोआप कापली जाते, साठीनंतर मिळणारी रक्कम आधीच ठरलेली आणि सरकारी हमीची असते, आणि लवकर आलेल्याला ती स्वस्त पडते. महिन्याला ५,००० रुपये पेन्शन हवी असेल तर अठराव्या वर्षी २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. तरीही बहुसंख्य सभासदांनी सर्वांत खालचा, १,००० रुपयांचा टप्पा निवडला. बँकेत फॉर्म भरताना समोर आलेला किमान आकडा हाच योग्य आकडा मानला गेला. तीस वर्षे ६ टक्के महागाई राहिली तर त्या हजार रुपयांची किंमत आजच्या सुमारे १७४ रुपयांइतकी उरेल. टप्पा नंतर वाढवता येतो, पण त्यासाठी पुन्हा बँकेत जाऊन अर्ज करावा लागतो.

या सगळ्या हिशेबात स्त्रीची बाजू बहुतेक वेळा सुटते. ती जास्त वर्षे जगते, पतीहून वयाने लहान असते, म्हणून आयुष्याचा शेवटचा भाग बऱ्याच जणी एकट्याने काढतात. पगारी कामात तिची वर्षे मात्र कमी भरतात. बाळंतपण, सासू-सासऱ्यांची आजारपणे, मुलांच्या परीक्षा यांत नोकरी सुटते आणि पीएफचे खाते तिथेच थांबते. घर पतीच्या नावावर, ठेवी पतीच्या नावावर, आणि तिच्या नावावर अंगावरचे सोने. महाराष्ट्रात काहीच आधार नसलेल्या पासष्टीपुढच्या व्यक्तींना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. पतीने निवृत्तीसाठी घेतलेला निर्णय म्हणून बराच काळ पत्नीलाच भोगायचा असतो. अटल पेन्शनमध्ये सभासदाच्या पश्चात जोडीदाराला तेवढीच पेन्शन चालू राहते. पीएफच्या निवृत्तिवेतनात ती घटते, आणि विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेताना जोडीदाराचा पर्याय निवडला नाही तर पूर्ण थांबते.

साठीला रक्कम हातात आल्यावरही निर्णय संपत नाही. पीएफची एकरकमी पुंजी म्हणजे आयुष्यात प्रथमच पाहिलेली मोठी रक्कम. मुलाच्या फ्लॅटची भर, मुलीचे लग्न, जुने कर्ज तिच्याकडे डोळे लावून असतात. ती रक्कम देऊन जन्मभराची मासिक पेन्शन विकत घेण्याचा पर्याय फारसा कोणी आपणहून निवडत नाही, कारण आयुष्यभराची पुंजी हातून गेल्यासारखी वाटते आणि लवकर मृत्यू आला तर पैसे बुडाल्याची भीती असते. जास्त वर्षे जगण्याचा धोका याच एका पर्यायाने पूर्ण झाकला जातो, ही बाब त्या भीतीपुढे फिकी पडते. राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत म्हणूनच जमा रकमेपैकी किमान ४० टक्के रकमेची पेन्शन घेणे बरीच वर्षे सक्तीचे होते. सरकारी नोकरीबाहेरच्या सभासदांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये ही अट २० टक्क्यांवर आणण्यात आली, आणि उरलेली रक्कम किती वर्षे पुरवायची हे ठरवणे पुन्हा त्यांच्या हाती आले.